प्रश्न वाचकांचे : एक डिश, अनेक पेट्या आणि एलएनबीचा वीजपुरवठा

गेल्या काही दिवसांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे डिश अँटेना आणि तिच्या वीजपुरवठ्याविषयी आहेत. ती वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. चित्र गेले की आपण एलएनबी (डिशच्या पुढे बसवलेली, सिग्नल पकडून खाली पाठवणारी डबी) बदलतो, नंतर पेटी (सेट टॉप बॉक्स) बदलतो आणि शेवटी डिश हलवतो, पण एलएनबीपर्यंत किती व्होल्ट पोहोचतात हे मोजण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. म्हणून या वेळचे पूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या गच्चीवर फ्री डिशची एक डिश आहे. स्प्लिटर लावून तिच्यावरून चार वर्गांतील चार सेट टॉप बॉक्स चालवतो, कारण ई-विद्येच्या इयत्तावार वाहिन्या वेगवेगळ्या वर्गांत दाखवायच्या असतात. सातवीच्या वर्गातील पेटी बंद केली की उरलेल्या तिन्ही वर्गांतील चित्र जाते. एलएनबी दोनदा बदलून झाली. एलएनबीला वेगळा वीजपुरवठा देता येईल का? त्यासाठी १२ व्होल्टचा साधा अडॅप्टर चालेल का?
— एक शिक्षक, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा

उत्तर : आपल्या एलएनबीत काहीही दोष नाही, तेव्हा कृपया तिसरी विकत घेऊ नका. एलएनबीला लागणारी वीज सेट टॉप बॉक्समधून, ज्या केबलने सिग्नल खाली येतो त्याच केबलने वर जाते. आपल्या स्प्लिटरच्या चार तोंडांपैकी वीज वर जाऊ देणारे तोंड एकच असावे आणि सातवीच्या वर्गाची केबल नेमकी त्याच तोंडाला जोडलेली असावी. ती पेटी बंद झाली की एलएनबी उपाशी राहते आणि चौघांचाही सिग्नल एकदम जातो.

वेगळा पुरवठा देता येतो आणि आपल्या बाबतीत तो फार सोपा आहे. युनिव्हर्सल एलएनबीला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. व्हर्टिकल की हॉरिझॉन्टल हे १३ किंवा १८ व्होल्टवरून ठरते आणि खालचा पट्टा की वरचा हे २२ किलोहर्ट्झचा सूर बंद आहे की चालू, यावरून ठरते. फ्री डिशचे प्रक्षेपण ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून, व्हर्टिकल ध्रुवीकरणात आणि खालच्या पट्ट्यात होते. उदाहरणार्थ, ११०९० मेगाहर्ट्झची वारंवारता एलएनबीतील ९७५० च्या दोलकाने (ठरावीक वारंवारता तयार करणाऱ्या भागाने) वजा होऊन १३४० मेगाहर्ट्झवर खाली येते. याचा अर्थ असा की आपल्याला अदलाबदल काहीच करायची नाही. एलएनबीला कायम १३ व्होल्ट मिळाले आणि सूर नसला, की चार काय, सिग्नल पुरेल तितक्या पेट्या तिच्यावर चालतील.

१२ व्होल्टचा अडॅप्टर मात्र लावू नका. व्हर्टिकलसाठी एलएनबीला साधारण ११.५ ते १४ व्होल्ट लागतात, तेही तिच्या स्वतःच्या तोंडाशी. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त आरजी-६ केबलचा मधला गाभा तांब्याचा नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असतो. गाभ्याला लोहचुंबक लावून पाहा, चिकटला तर समजून घ्या. अशा ५० मीटर केबलमध्ये २०० मिलिअँपिअरला एक व्होल्टाहून थोडे अधिक वाटेतच खर्च होते. खालून १२ निघाले तर वर ११ च्या आसपासच पोहोचतील. मग सकाळी चित्र दिसेल, दुपारी जाईल आणि दोष पुन्हा एलएनबीवर येईल.

त्याऐवजी जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर घ्या. तालुक्याच्या दुरुस्तीच्या दुकानात तो सहज मिळतो आणि १०० ते २४० व्होल्टांवर चालत असल्यामुळे गावातील कमी दाबाने त्याला काही होत नाही. त्याच्यापुढे एलएम-३१७ हा रेग्युलेटर (दाब कायम ठेवणारा भाग) लावा. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या पायांमध्ये २४० ओहम, अ‍ॅडजस्ट आणि ऋण टोक यांच्यामध्ये २.२ किलोओहम आणि त्याला मालिकेत १२० ओहम जोडले की सुमारे १३.४ व्होल्ट मिळतात. लांब केबलसाठी हेच बरे, आणि १८ ची आज्ञा समजली जाण्याइतके ते जास्तही नाहीत. हा पुरवठा केबलवर चढवण्यासाठी पॉवर इन्सर्टर नावाची लहान डबी तयार मिळते. ती २१५० मेगाहर्ट्झपर्यंत चालणारी आहे हे पाहून विकतच घ्या, कारण या वारंवारतेवर घरी गुंडाळलेले कॉइल दगा देते. इन्सर्टर डिश आणि स्प्लिटर यांच्यामध्ये बसवा, वीज जाणारे तोंड एलएनबीकडे ठेवा आणि चारही पेट्यांच्या मेनूत एलएनबी पॉवर बंद करा. चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सात-आठ डेसिबल जातात, पण एलएनबी स्वतःच ५० डेसिबलांहून अधिक वाढवून देत असल्यामुळे शाळेच्या आवारात अँप्लिफायरची गरज पडणार नाही.

पुरवठा जोडल्यावर मोजायचे ते एलएनबी जोडलेली असताना. मोकळ्या केबलवर मल्टिमीटर लावून “तेरा येतात” म्हणण्यात काही अर्थ नाही. दारव्हा तालुक्यातील एका शाळेत मी मोकळ्या केबलवर १३.१ व्होल्ट मोजले होते आणि एलएनबी लावताच ते ९.६ वर आले. कनेक्टर उघडला तेव्हा आतल्या तारेवर हिरवट पांढरी भुकटी धरलेली होती आणि तार सुईइतकी बारीक उरली होती. पावसाळ्यात कनेक्टरमधून पाणी शिरले, तांब्याचा मुलामा गेला आणि आतले पोलाद गंजले. चार बोटे केबल कापून नवा कनेक्टर बसवला, वरून रबरी टेप गुंडाळली आणि त्याच जुन्या एलएनबीवर चित्र आले. अशा मोजणीसाठी दोन एफ सॉकेट लहानशा तारेने जोडून एक तुकडा करून ठेवावा. मधल्या उघड्या तारेवर मीटरचे टोक लावले की भार चालू असतानाचा दाब कळतो. सिग्नलला तेवढ्या वेळापुरती बाधा येते, पण आपल्याला फक्त व्होल्ट पाहायचे असतात.

प्रश्न : मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकते. घरी फ्री डिशची छोटी डिश आणि वडिलांनी पूर्वी घेतलेली सी-बँडची सहा फुटी छत्री अशा दोन्ही आहेत. १३ आणि १८ व्होल्ट तसेच २२ किलोहर्ट्झ देणारे आणि दोन्ही डिशमध्ये अदलाबदल करणारे युनिट अर्डुइनोवर (प्रोग्राम करता येणाऱ्या लहान बोर्डवर) स्वतः बनवायचे आहे. सर्किट कसे असावे?
— एक विद्यार्थिनी, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली

उत्तर : तुमचे पत्र वाचून फार आनंद झाला. हे काम अवश्य करा. तयार आयसी घ्यायची असेल तर एलएनबीएच-२३ सारख्या एकाच चिपमध्ये १२ व्होल्टवरून दाब वाढवणे, १३-१८ ची निवड आणि सूर हे सर्व असते. पण शिकायचे असेल तर सुटे भाग लावूनच करावे, कारण मग प्रत्येक भाग कशासाठी आहे ते हाताला कळते.

१८ व्होल्ट हवे असल्यामुळे १९ चा अडॅप्टर पुरणार नाही. एलएम-३१७ ला स्वतःसाठी अडीच-तीन व्होल्ट अधिक लागतात, म्हणून २४ व्होल्टचा एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक वीजपुरवठा) घ्या. लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा मोह टाळा. २३० व्होल्टवर १८ व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर, रात्री गावभरचे कृषीपंप सुरू होऊन लाइट १७० वर उतरली, की जेमतेम १३ देतो. डायोड आणि कपॅसिटरनंतर त्याचे १७ च्या आसपास होतात, तेव्हा त्यातून १८ निघणे शक्यच नाही.

आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट यांच्यामध्ये २४० ओहम ठेवा. खाली २.२ किलोओहम आणि त्याच्या मालिकेत ऋण टोकाकडे १ किलोओहम लावा. दोन्ही मिळून ३.२ किलोओहम असताना सुमारे १८.१ व्होल्ट मिळतात. खालच्या १ किलोओहमवर बीसी-५४७ ट्रान्झिस्टर लावून तो शॉर्ट केला की १२.८ व्होल्ट राहतात. ट्रान्झिस्टरचा बेस अर्डुइनोच्या पायाला १० किलोओहममधून जोडा आणि त्या पायावर ५ व्होल्टकडे आणखी एक १० किलोओहमचा रेझिस्टर द्या, म्हणजे प्रोग्राम सुरू होण्याआधीच्या क्षणी युनिट १८ वर न जाता १३ वर राहील. एलएम-३१७ च्या आउटपुटपासून इनपुटकडे उलटा १एन-४००७ डायोड लावायला विसरू नका, कारण २४ चा पुरवठा अचानक गेला तर तोच रेग्युलेटरला वाचवतो.

सुरासाठी रेग्युलेटर आणि एलएनबीची केबल यांच्यामध्ये २७० मायक्रोहेन्रीचे कॉइल आणि त्याला समांतर १५ ओहम लावा. केबलच्या बाजूने दुसरा बीसी-५४७, त्याच्या कलेक्टरला १ वॉटचा ३३० ओहम, आणि त्याचा बेस १ किलोओहममधून अर्डुइनोच्या टायमरला जोडा. ट्रान्झिस्टर २२ हजार वेळा उघडझाप करतो तेव्हा १५ ओहमवर १३ व्होल्टला अर्ध्या व्होल्टाहून थोडा अधिक, तर १८ व्होल्टला पाऊण व्होल्टाइतका सूर तयार होतो. अपेक्षा ०.४ ते ०.८ व्होल्टची असल्यामुळे दोन्ही योग्य आहेत. सोळा मेगाहर्ट्झच्या अर्डुइनोत टायमर-१ ला तुलनेसाठी ३६३ हा आकडा दिला तर २१,९७८ हर्ट्झ मिळतात, तेवढे पुरेसे अचूक आहे. एक चूक मात्र सगळेच करतात. दाब गुळगुळीत व्हावा म्हणून ते केबलच्या बाजूला मोठा कपॅसिटर लावतात आणि सूर त्यातच बुडतो. मोठा कपॅसिटर कॉइलच्या अलीकडे, रेग्युलेटरच्या बाजूलाच ठेवायचा.

आता अदलाबदल. तुमच्या दोन डिशसाठी २२ किलोहर्ट्झचा साधा दोन तोंडांचा स्विच पुरतो. सूर बंद असताना तो पहिले तोंड जोडतो आणि सूर चालू असताना दुसरे. पहिल्या तोंडाला फ्री डिश लावा, कारण तिला सूर नकोच आहे. चुकून सूर मिळाला तर एलएनबी १०६०० च्या दोलकावर जाईल, ११०९० मधून तो वजा होऊन ४९० मेगाहर्ट्झ उरतील आणि पेटी ९५० च्या खाली पाहतच नाही. दुसऱ्या तोंडाला छत्री लावा. सी-बँडच्या एलएनबीला सुराशी काही देणेघेणे नसते, ती फक्त १३ आणि १८ ओळखते. तिचा दोलक ५१५० वर, म्हणजे येणाऱ्या वारंवारतेच्या वर असतो, म्हणून ३७०० मेगाहर्ट्झ १४५० वर येतात आणि ४२०० हे ९५० वर. पेटीत एलएनबीची वारंवारता ५१५० भरली नाही तर छत्री कितीही अचूक लावली तरी एकही वाहिनी सापडणार नाही.

पुढे तिसरी-चौथी डिश आली तर चार तोंडांचा डायसेक स्विच घ्यावा लागेल. त्याला त्याच सुराच्या तुकड्यांतून निरोप दिला जातो. प्रत्येक बिट दीड मिलिसेकंदाचा असतो. एक मिलिसेकंद सूर आणि अर्धा मिलिसेकंद शांतता म्हणजे शून्य, आणि याच्या उलट म्हणजे एक. चार बाइटांचा पूर्ण निरोप प्रत्येकाच्या पॅरिटी बिटासह (चूक तपासण्यासाठीच्या जादा बिटासह) ५४ मिलिसेकंदांत संपतो. हाच सूर्याखालचा सर्वांत सोपा संदेशवहनाचा धडा आहे असे मला वाटते, आणि तो अर्डुइनोवर लिहिताना तुम्ही पुस्तकातल्या प्रकरणापेक्षा अधिक शिकाल.

दोन सूचना उष्णतेबद्दल आणि शॉर्टबद्दल. २४ मधून १३ काढताना २०० मिलिअँपिअरला २.२ वॉट उष्णता होते. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या डब्यात ६० अंश असतील, तर हीट सिंक नसलेला एलएम-३१७ त्याच्या १२५ अंशांच्या मर्यादेपलीकडे जाऊन स्वतःला बंद करील. वॉटला दहा अंशांचा लहानसा हीट सिंक लावला तर आतला भाग ९५ च्या आत राहतो. या रेग्युलेटरची मागची धातूची पट्टी आउटपुटला जोडलेली असते, ऋण टोकाला नव्हे, म्हणून हीट सिंक डब्याला टेकत असेल तर मध्ये अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लास्टिकचा वॉशर हवाच. शॉर्टसाठी केबलच्या वाटेत अर्ध्या अँपिअरचा रिसेट होणारा फ्यूज टाका. कनेक्टर बसवताना जाळीचा एखादा केसाएवढा धागा मधल्या तारेला टेकतो आणि सगळा घोटाळा होतो. प्रत्येक कनेक्टर बसवल्यावर भिंगातून एकदा पाहून घ्या.

प्रश्न : आठ फुटी छत्रीला ३६ व्होल्टचा अ‍ॅक्च्युएटर (छत्री फिरवणारा मोटरचा दांडा) आहे. त्याचा जुना कंट्रोलर जळाला. मेकॅनिकने साधा ट्रान्सफॉर्मर आणि दोन बटणे लावून दिली. छत्री हलते, पण कुठे थांबवायची ते कळत नाही, आणि लाइट गेली की सगळेच नव्याने शोधावे लागते.
— एक शेतकरी, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा

उत्तर : आपल्या मेकॅनिकने मोटरच्या दोन तारा जोडल्या आणि उरलेल्या दोन सोडून दिल्या असे दिसते. त्या दोन तारा रीड स्विचच्या आहेत. मोटर फिरते तसा आतला चुंबक त्या स्विचची उघडझाप करतो आणि ती उघडझाप, म्हणजे एकेक नाडी, मोजली की दांडा किती बाहेर आला ते कळते. ८३ अंशांवरच्या जीसॅट-३० वर छत्री असताना समजा अमुक आकडा आला, तर पुढच्या वेळी त्याच आकड्यावर थांबवायचे, एवढाच कंट्रोलरचा सगळा उद्योग आहे. तो मागच्या उत्तरातल्यासारखा अर्डुइनोवर करता येतो.

मोटरचा पुरवठा एलएनबीच्या पुरवठ्यापासून पूर्ण वेगळा ठेवा. २६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कपॅसिटर मिळून ३५-३६ व्होल्ट देतात. दिशा बदलण्यासाठी दोन संपर्कांचा रिले लावा. रीड स्विचच्या तारा मोटरच्या जाड तारांबरोबर एकाच नळीतून नेऊ नका, त्यांच्यासाठी जाळीची केबल घ्या, नाहीतर मोटरच्या ठिणग्याच नाडी म्हणून मोजल्या जातात. कंट्रोलरच्या टोकाला ५ व्होल्टकडे १० किलोओहम, ऋण टोकाकडे ०.१ मायक्रोफॅरड आणि प्रोग्राममध्ये काही मिलिसेकंदांची प्रतीक्षा दिली की खोट्या नाड्या गळून पडतात.

मोटर बंद केली तरी ती लगेच थांबत नाही. थोडी पुढे सरकते, म्हणून मोजणी आणखी एक सेकंद चालू ठेवावी. आकडा प्रत्येक नाडीला साठवू नये, कारण अर्डुइनोच्या चिपची कायमची स्मृती साधारण एक लाख वेळा लिहिण्यापुरतीच टिकते. छत्री थांबल्यावर एकदा लिहावा. लाइट मध्येच गेली तर शेवटचा आकडा लिहिण्यापुरता वेळ मिळावा म्हणून ५ व्होल्टच्या बाजूला २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवावा आणि तिथे वीज मागे सरकू नये म्हणून अलीकडे एक डायोड लावावा. लिहिण्याला काही मिलिसेकंदच लागतात आणि कपॅसिटर त्याच्या कितीतरी पट वेळ देतो. तरीही महिन्यातून एकदा छत्री पूर्वेच्या टोकापर्यंत नेऊन आकडा शून्यावर आणावा. आतला लिमिट स्विच तिथे मोटर आपोआप थांबवतो.

वाऱ्याबद्दल एक विनंती. आठ फुटी जाळीवर वळवाच्या वाऱ्याचा जोर मोठा असतो. ढग भरून आले की छत्री मधल्या स्थितीत न ठेवता दांडा आत ओढलेल्या टोकाला आणून ठेवा.

प्रश्न : गेल्या मे महिन्यात वीज जवळच पडली आणि एलएनबी व पेटी दोन्ही गेल्या. घराला अर्थिंग आहे. मग असे का झाले?
— एक वाचक, तालुका भद्रावती, जिल्हा चंद्रपूर

उत्तर : आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि अर्थिंगच्या पाइपभोवती बोटभर भेग पडते. पाइप जमिनीत असतो, पण मातीला टेकलेला नसतो, आणि कोरड्या मातीतून वीज जमिनीत उतरत नाही. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत दर दोन दिवसांनी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी घाला आणि भेगा ओल्या मातीने बुजवा. डिशचा खांब आणि पेटीचा पुरवठा एकाच अर्थिंगला जोडलेले असावेत. दोन वेगळ्या अर्थिंग असल्या तर वीज पडताच त्या दोघींमधला दाबाचा फरक केबलच्या वाटेने पेटीत शिरतो. केबलच्या खालच्या टोकाला इन्सर्टरच्या वीजपुरवठ्यावर १.५केई-२४ए हा डायोड लावला तर लहान झटके तो गिळतो. वीज थेट पडली तर मात्र कोणताही भाग वाचवत नाही. गडगडाट ऐकू आला की केबल पेटीतून काढून बाजूला ठेवावी.

वीजपुरवठ्याच्या बाजूला आणखी एक धोका असतो. डीपीवर न्यूट्रल तुटला की घरातल्या एखाद्या फेजवर ४०० व्होल्टपर्यंत दाब चढतो. अडॅप्टरच्या आधी एक अँपिअरचा फ्यूज आणि त्यानंतर २७५ व्होल्टचा व्हॅरिस्टर (दाब फार वाढला की वीज स्वतःतून वाहू देणारा भाग) लावा. व्हॅरिस्टर शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि अडॅप्टर वाचतो. हे दोन भाग चहाच्या दोन कपांच्या किमतीत येतात.

प्रश्न : भारनियमनात एलएनबीचे युनिट १२ व्होल्टच्या सोलर बॅटरीवर चालेल का?
— एक ग्रंथपाल, तालुका चिखलदरा, जिल्हा अमरावती

उत्तर : चालेल. बॅटरीनंतर दाब वाढवणारे मॉड्यूल लावून १९ व्होल्ट करा आणि त्यापुढे पहिल्या उत्तरात सांगितलेला एलएम-३१७ ठेवा. बॅटरी थेट एलएनबीला जोडू नका, कारण चार्जिंगच्या वेळी तिच्यावर १४ व्होल्टांहून अधिक येतात आणि रात्री ती १२ च्या खाली जाते. एलएनबी स्वतः दोन-तीन वॉटच खाते. टीव्ही आणि पेटीचा हिशेब वेगळा करावा लागेल, तेव्हा पुढच्या पत्रात त्या दोघांवर लिहिलेले वॉट आणि बॅटरीचे अँपिअर-अवर कळवा.